विधान काय सांगते आणि काय धरून चालते

‘रघुनाथ दार बंद करायला विसरला’ आणि ‘दार बंद केल्याचे रघुनाथ विसरला’ या दोन वाक्यांतले शब्द जवळजवळ तेच आहेत आणि मुख्य क्रियापदही एकच आहे. तरीही पहिले वाक्य ऐकणारा दार उघडे राहिले असे समजतो आणि दुसरे ऐकणारा ते लागले होते असे समजतो. या समजुती ऐकणाऱ्याने पदरच्या घातलेल्या नाहीत, वाक्यांनीच त्या दिल्या आहेत. मात्र देण्याची रीत दोन्हीकडे वेगळी आहे, आणि वाक्ये होकारार्थी असेपर्यंत हे वेगळेपण नजरेत येत नाही. ‘रघुनाथ दार बंद करायला विसरला नाही’ असे म्हणताच दाराची स्थिती उलटते आणि दार लागले असे ठरते. ‘दार बंद केल्याचे रघुनाथ विसरला नाही’ असे म्हटले, तर दार आधी जसे लागलेले होते तसेच राहते, बदलते ती केवळ रघुनाथच्या स्मरणाची गोष्ट. पहिल्या वाक्यातली दाराविषयीची माहिती नकाराच्या आवाक्यात सापडते आणि दुसऱ्यातली त्याच्या आवाक्याबाहेर उभी असते. अर्थविज्ञानात, म्हणजे भाषेतील अर्थाचा पद्धतशीर विचार करणाऱ्या भाषाविज्ञानाच्या शाखेत, पहिल्या प्रकारच्या नात्याला तार्किक निष्पत्ती आणि दुसऱ्या प्रकारच्या नात्याला पूर्वगृहीत म्हणता येते, आणि ही दोन नाती एकमेकांपासून कशी ओळखावीत हा गेली सव्वाशे वर्षे तत्त्वज्ञ आणि भाषावैज्ञानिक यांच्या वादाचा विषय राहिला आहे.

त्यांतली निष्पत्ती समजायला सोपी. एक विधान खरे असताना दुसरे खोटे असणे कोणत्याही परिस्थितीत शक्य नसेल, तर पहिल्यातून दुसरे निष्पन्न होते. ‘माळ्याने साप मारून टाकला’ हे खरे असेल तर ‘साप मेला’ हे खरे असलेच पाहिजे. ‘माळ्याने साप मारून टाकला, पण साप मेला नाही’ असे म्हणणारा स्वतःच्याच बोलण्याला छेद देतो. उलट दिशेने हे नाते चालत नाही, कारण साप मुंगसाच्या तोंडीही मेला असू शकतो; मात्र साप मेलाच नसेल, तर माळ्याने तो मारून टाकला हे निश्चितपणे खोटे ठरते. माळ्याविषयीचे वाक्य नकारार्थी केले, तर सापाच्या जीवनमरणाविषयी काहीच कळत नाही. निष्पत्ती अशी मूळ विधानाच्या सत्यतेवर सर्वस्वी अवलंबून असते, आणि ते विधान मागे घेतले की तिची हमी संपते. ‘हापूस आणले’ यातून ‘आंबे आणले’ आणि त्यातून ‘फळे आणली’ अशी विशेषाकडून सामान्याकडे जाणारी साखळी होकारात मिळते, तर नकारात ती नेमकी उलटी फिरते आणि ‘फळे आणली नाहीत’ यातून ‘हापूस आणले नाहीत’ हे निष्पन्न होते. शब्दांच्या अर्थांतील नात्यांचा पुष्कळसा हिशोब अशा निष्पत्तींनी मांडता येतो आणि त्यासाठी बोलणारा कोण, ऐकणारा कोण, हे विचारण्याची गरज पडत नाही.

पूर्वगृहीताच्या बाबतीत मात्र ती गरज पडते. ‘सुलभाने सिगारेट सोडली’ या वाक्यातून दोन गोष्टी कळतात: सुलभा आता सिगारेट ओढत नाही, आणि पूर्वी ती ओढत असे. या वाक्याची चार रूपांतरे करून पाहावीत: ‘सुलभाने सिगारेट सोडलेली नाही’, ‘सुलभाने सिगारेट सोडली का?’, ‘सुलभाने सिगारेट सोडली असेल, तर डॉक्टरांना बरे वाटेल’ आणि ‘कदाचित सुलभाने सिगारेट सोडली असेल’. ती आता ओढत नाही, ही माहिती या चारही ठिकाणी डळमळते, कारण एका वाक्यात ती नाकारली आहे, एकात विचारली आहे आणि उरलेल्या दोहोंत केवळ शक्यता म्हणून मांडली आहे. पूर्वी ती ओढत असे, ही माहिती मात्र चौघांतूनही जशीच्या तशी तरून बाहेर येते. एखाद्या अनुमानाची अशी चौफेर तपासणी करणे ही पूर्वगृहीत ओळखण्याची सर्वांत विश्वासार्ह रीत मानली जाते. तिच्या जोडीला आणखी एक साधी कसोटी आहे. समोरच्याच्या बोलण्यातला दावा खोडायचा असेल, तर ‘छे, खोटे आहे’ एवढे पुरते. पण ‘खोटे आहे’ असे म्हणून सुलभाच्या पूर्वीच्या व्यसनाला हात लागत नाही, त्यासाठी ‘अहो थांबा, ती कधी ओढत होती?’ असे बोलणे मध्येच अडवून चर्चा एक पायरी मागे न्यावी लागते. क्लाउस फॉन फिंटेल यांनी २००४ मध्ये या अडवणुकीचा कसोटी म्हणून पद्धतशीर वापर मांडला आणि अभ्यासकांत ती चांगलीच रुळली.

मराठीत ही तपासणी करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘शांताही आली’ या वाक्यात आणखी कोणीतरी आले हे गृहीत आहे. आता कसोटी म्हणून ‘शांताही आली नाही’ असे वाक्य घेतले, तर त्यात आणखी कोणीतरी आले हे गृहीत उरत नाही. उलट आणखी कोणीतरी आले नाही हे गृहीत होते. ‘शांताच आली’ याचे ‘शांताच आली नाही’ केले, तर बाकी सगळे आले आणि नेमकी शांता तेवढी राहिली, असा वेगळाच अर्थ निघतो. म्हणून पूर्वगृहीताचा नियम मराठीत मोडतो असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. ‘ही’ आणि ‘च’ ही अव्यये या वाक्यांत नकाराच्या कक्षेबाहेर बसतात, त्यामुळे तपासणीसाठी बनवलेले वाक्य हे मूळ वाक्याचा नकार नसतेच, ते नकारार्थी वाक्याला ‘ही’ किंवा ‘च’ जोडून झालेले निराळे वाक्य असते. खरा नकार ‘असे नाही’ हे शब्द बाहेरून लावून करावा लागतो. ‘शांताच आली असे नाही’ म्हटले, की शांता आली ही गोष्ट शाबूत राहते आणि दुसरे कोणी आले नाही हा भाग कोसळतो. म्हणजे ‘शांताच आली’ या वाक्यात शांताचे येणे हे पूर्वगृहीत आहे आणि इतरांचे न येणे ही निष्पत्ती आहे. प्रश्न आणि जर-तरची वाक्ये या कामी अधिक सोयीची पडतात: ‘शांताही आली का?’ असे विचारले किंवा ‘शांताही आली, तर गाडीत जागा पुरणार नाही’ असे म्हटले, तरी दुसरे कोणीतरी आले किंवा येणार हे गृहीत हलत नाही.

इथवर दोन्ही नाती दोन स्वतंत्र खणांत बसतात असा समज झाला असेल, तर तो दुरुस्त करायला हवा. होकारार्थी वाक्यात एकच अनुमान पूर्वगृहीतही असू शकते आणि निष्पत्तीही. ‘दार बंद केल्याचे रघुनाथ विसरला’ हे खरे असताना दार बंद केलेले नसणे शक्य नाही, म्हणून दार बंद केले ही निष्पत्ती झाली. आणि ती नकारातही टिकते, म्हणून ते पूर्वगृहीतही झाले. म्हणजे ‘हे पूर्वगृहीत आहे की निष्पत्ती?’ असा प्रश्न पुष्कळदा चुकीच्या रीतीने विचारला जातो; अनुमान नकारात आणि प्रश्नात टिकते की नाही, एवढेच विचारणे योग्य. यातूनच एक तार्किक पेच उभा राहतो. विधान खरे असो वा त्याचा नकार खरा असो, दोन्ही परिस्थितींत जे खरे असते ते त्याचे पूर्वगृहीत, अशी सरळ व्याख्या केली, तर रूढ तर्कशास्त्रात विधान किंवा त्याचा नकार यांपैकी एक नेहमी खरा असतोच. तेव्हा पूर्वगृहीतही नेहमीच, अटळपणे खरे असले पाहिजे. पण रघुनाथने दार बंद केले ही काही त्रिकालाबाधित गोष्ट नव्हे. या पेचातून सुटायचे तर दोनच वाटा उरतात: काही विधाने खरीही नसतात आणि खोटीही नसतात असे मानणे, किंवा पूर्वगृहीताचे नाते वाक्यावाक्यांतून काढून बोलणारा आणि त्याचे बोलणे यांच्यात नेऊन ठेवणे. पुढचा सारा इतिहास या दोन वाटांचाच आहे.

जर्मन तर्कज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या अर्थ आणि निर्देश यांविषयीच्या निबंधात या प्रश्नाला पहिल्यांदा नीट हात घातला. केप्लर हलाखीत मरण पावला असे कोणी म्हटले, तर केप्लर नावाचा कोणी होऊन गेला हे त्यात धरून चाललेले असते, पण ते वाक्याच्या आशयाचा भाग नसते, असे त्यांचे प्रतिपादन होते; आणि त्यासाठी दिलेला युक्तिवाद आजच्या नकाराच्या कसोटीचेच बीज आहे. ते अस्तित्व आशयात मोडत असते, तर त्या वाक्याचा नकार ‘केप्लर हलाखीत मेला नाही, किंवा केप्लर असा कोणी नव्हताच’ असा दुपेडी करावा लागला असता. प्रत्यक्षात कोणी तसा करत नाही. बर्ट्रांड रसेल यांना हे मान्य नव्हते. १९०५ मध्ये त्यांनी फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे हे आता जगप्रसिद्ध झालेले उदाहरण घेतले, जेव्हा फ्रान्स प्रजासत्ताक होऊन पस्तीस वर्षे होत आली होती. रसेल यांच्या मते हे वाक्य म्हणजे तीन दाव्यांची गोळाबेरीज आहे: फ्रान्सला राजा आहे, तो एकच आहे, आणि तो टकला आहे. पहिला दावा खोटा, म्हणून सारे वाक्य सरळ खोटे. टकल्यांच्या आणि केसाळांच्या कोणत्याच यादीत हा राजा सापडत नाही, तेव्हा हेगेलचे अनुयायी बहुधा तो टोप घालतो असा समन्वय काढतील, असा चिमटाही त्यांनी जाता जाता काढला. रसेल यांच्या हिशोबात राजाचे अस्तित्व ही निव्वळ निष्पत्ती ठरते आणि पूर्वगृहीत नावाच्या वेगळ्या नात्याची गरजच उरत नाही.

पंचेचाळीस वर्षांनी, १९५० मध्ये, ऑक्सफर्डच्या पीटर स्ट्रॉसन यांनी या मांडणीवर आक्षेप घेतला. असे वाक्य कोणी गंभीरपणे उच्चारले, तर ऐकणारा ‘खोटे’ असे म्हणत नाही. तो गोंधळतो, आणि फ्रान्सला राजा नाही हे लक्षात आणून देतो, कारण खरे-खोटे ठरवण्याचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. १९५२ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात त्यांनी या नात्याला पूर्वगृहीत हे नाव देऊन ते निष्पत्तीपासून स्पष्टपणे वेगळे केले: निष्पन्न होणारी गोष्ट खोटी ठरली तर मूळ विधान खोटे ठरते, पूर्वगृहीत खोटे ठरले तर मूळ विधान खरे की खोटे हा प्रश्नच निकालात निघतो. रसेल यांनी १९५७ मध्ये तिखट उत्तर दिले आणि वाद मिटला नाही. मात्र स्ट्रॉसन यांचा प्रामाणिकपणा असा, की आपल्याच सिद्धान्ताला अडचणीत आणणारे उदाहरण त्यांनी १९६४ मध्ये स्वतःच पुढे केले. फ्रान्सच्या राजाने काल प्रदर्शनाला भेट दिली, असे कोणी म्हटले तर मात्र ते सरळ खोटे वाटते, कारण बोलण्याचा विषय प्रदर्शन हा असतो, राजा नव्हे. खरे-खोटेपणाची जाणीव अशी बोलण्याच्या रोखावर अवलंबून असेल, तर केवळ तर्कशास्त्राची कोष्टके तिचा निकाल लावू शकणार नाहीत, हे त्यातून उघड झाले.

भारतीय परंपरेच्या जाणकाराला हा वाद ऐकून नैयायिकांचे आकाशकमळ आठवल्यावाचून राहत नाही. अन्नंभट्टांच्या सतराव्या शतकातील तर्कसंग्रहात आश्रयासिद्ध या हेत्वाभासाचे, म्हणजे सदोष हेतूचे, उदाहरण आहे: आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, आणि तळ्यातले कमळ सुगंधी असते. या अनुमानात सुगंध आणि कमळपण यांच्या संबंधाविषयी तक्रार नाही. दोष हा, की ज्याच्याविषयी सारे बोलणे चालले आहे तो आश्रयच अस्तित्वात नाही, आणि म्हणून अनुमान चूक की बरोबर हे तपासण्याआधीच ते अडते. भूमिका स्ट्रॉसन यांच्या बरीच जवळची आहे, आणि बिमलकृष्ण मतिलाल यांनी नैयायिक व बौद्ध यांच्यातील असत् वस्तूंविषयीचा वाद आधुनिक तर्कशास्त्राच्या भाषेत उलगडून दाखवला तो याच कारणाने वाचनीय ठरतो. मीमांसकांची अर्थापत्ती मात्र पूर्वगृहीताचे जुने रूप समजण्याचा मोह टाळलेला बरा. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे, ही कल्पना नकाराच्या कसोटीला क्षणभरही टिकत नाही: देवदत्त दिवसा जेवतो असे म्हटले, की रात्रीच्या जेवणाची कल्पना करण्याचे कारणच संपते. शिवाय न खाता कोणी धष्टपुष्ट राहत नाही हे जगाविषयीचे ज्ञान त्यात मिसळावे लागते, म्हणून ती केवळ त्या वाक्याची निष्पत्तीही नव्हे.

आणखी एक नाते या दोहोंपासून बाजूला काढून ठेवायला हवे, ते म्हणजे सूचितार्थ. ‘काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ या वाक्यावरून सगळे झाले नाहीत असे ऐकणारा समजतो, पण ‘काही झाले, किंबहुना सगळेच झाले’ असे पुढे जोडले तर विसंगती होत नाही. पॉल ग्राइस यांनी दाखवल्याप्रमाणे हा अर्थ बोलणारा सहकार्याने आणि पुरेशी माहिती देत बोलतो आहे या अपेक्षेतून उपजतो, आणि हवा तेव्हा मागे घेता येतो. निष्पत्ती मागे घेता येत नाही. पूर्वगृहीत होकारार्थी वाक्यात मागे घेता येत नाही, पण नकारार्थी वाक्यात घेता येते: ‘सुलभाने सिगारेट सोडलेली नाही, ती कधी ओढतच नव्हती’ हे वाक्य थोडे खटकणारे असले तरी मराठी भाषकाला समजते.

पूर्वगृहीताची ताकद प्रश्नांत सर्वाधिक जाणवते, आणि ती ग्रीकांनाही ठाऊक होती. जे गमावले नाही ते माणसाजवळ असते; तू शिंगे गमावलेली नाहीस; म्हणून तुला शिंगे आहेत, हा युबुलिडीस या ग्रीक तार्किकाच्या नावावर सांगितला जाणारा कूटप्रश्न ‘गमावणे’ या क्रियापदातील पूर्वगृहीतावरच उभा आहे. न्यायालयांत हीच गोष्ट गंभीर रूप घेते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने सूचक प्रश्नांची, म्हणजे विचारणाऱ्याला हवे असलेले उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांची, व्याख्या केली. विरुद्ध पक्षाने हरकत घेतली तर सरतपासणीत ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाहीत, उलटतपासणीत मात्र येतात, असा दंडक घालून दिला. आणि प्रास्ताविक, निर्विवाद किंवा आधीच पुरेशा सिद्ध झालेल्या बाबींपुरती न्यायालयाने परवानगी द्यावी असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हा विचार कायम आहे. सूचक प्रश्न आणि पूर्वगृहीत असलेला प्रश्न या एकच गोष्टी नव्हेत, परंतु निर्विवाद बाबींना दिलेली सूट पाहता, दोन्ही पक्षांना मान्य असलेलेच प्रश्नात धरून चालता येते हे कायद्याने भाषावैज्ञानिकांच्या शंभर वर्षे आधी ओळखले होते असे म्हणावे लागते.

अशा प्रश्नांचा स्मृतीवर होणारा परिणाम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७५ मध्ये प्रयोगाने दाखवला. विद्यार्थ्यांना रस्त्यावरील अपघाताची चित्रफीत दाखवून काहींना पांढऱ्या गाडीचा गावाकडच्या रस्त्यावरील वेग विचारला, आणि काहींना ती गाडी कोठाराजवळून गेली तेव्हाचा वेग विचारला. चित्रफितीत कोठार नव्हते. आठवडाभराने कोठार दिसले होते का असे विचारल्यावर पहिल्या गटातील तीन टक्क्यांहून कमी जणांनी होकार दिला, तर दुसऱ्या गटातील सतरा टक्क्यांहून अधिक जणांनी. कोठार आहे असा दावा त्यांच्यापुढे कोणीही केला नव्हता. तो केला असता तर कदाचित त्यांनी तपासून पाहिला असता. लक्ष वेगाकडे लागलेले असताना ‘गेली तेव्हा’ या उपवाक्यातून कोठार आत शिरले.

ऐकणारा असे मुकाट्याने का स्वीकारतो, याचे उत्तर वर सांगितलेल्या दुसऱ्या वाटेने, म्हणजे पूर्वगृहीत बोलणाऱ्याशी जोडण्याच्या वाटेने, गेलेल्या अभ्यासकांनी दिले. रॉबर्ट स्टॉलनेकर यांनी सत्तरच्या दशकात मांडले, की संभाषणात भाग घेणाऱ्यांची एक सामायिक जाण असते, म्हणजे सर्वांना मान्य असल्याचे सर्वांनी धरलेल्या गोष्टींचा साठा. विधानाने त्यात भर पडते, आणि पूर्वगृहीत त्यात आधीच असावे लागते. पण व्यवहार इतका शिस्तीचा नसतो. ‘भावाला आणायला स्टेशनवर जायचे आहे’ असे सहकाऱ्याने म्हटले, तर त्याला भाऊ आहे हे ठाऊक नसलेला माणूस त्याला अडवत नाही, निमूटपणे ते साठ्यात टाकून पुढे ऐकतो. डेव्हिड लुईस यांनी १९७९ मध्ये या सामावून घेण्याला नाव आणि नियम दिले. त्याला मर्यादा आहेच. भावाऐवजी हत्ती असता, तर संभाषण तिथेच थबकले असते.

छोटी वाक्ये एकत्र येऊन मोठे वाक्य झाले, की त्यांच्या पूर्वगृहीतांचे काय होते हा प्रश्न लँगेंडोएन आणि सॅव्हिन यांनी १९७१ मध्ये उपस्थित केला, आणि १९७३ मध्ये लाउरी कार्टुनेन यांनी त्याचे टिकाऊ उत्तर दिले. त्यांनी वाक्यरचनांची तीन गटांत विभागणी केली. काही रचना छिद्रासारख्या असतात, त्यांतून आतले पूर्वगृहीत आरपार जाते. नकार आणि ‘माहीत असणे’ ही त्याची उदाहरणे. काही बुचासारख्या, त्या ते आतच अडवतात. ‘म्हणणे’, ‘आरोप करणे’ यांसारखी क्रियापदे यांत मोडतात. आणि काही गाळण्यासारख्या, ज्या परिस्थितीनुसार जाऊ देतात किंवा रोखतात: ‘पाटलांना मुलगी असेल, तर पाटलांची मुलगी पुण्यात शिकत असेल’ या वाक्यात पाटलांना मुलगी आहे हे गृहीत उरत नाही, कारण पहिल्या उपवाक्याने त्याची सोय आधीच लावलेली असते.

मराठी वृत्तपत्रांची भाषा वाचताना ही विभागणी हाताशी असणे उपयोगाचे आहे, कारण ‘-ल्याचे’ या एकाच प्रत्ययान्त रूपाने तिथे अगदी भिन्न जातींची क्रियापदे जोडली जातात. तीन वाक्ये घ्यावीत: ‘निधी वळवला गेल्याचा आरोप समितीने केला’, ‘निधी वळवला गेल्याचे चौकशीत सिद्ध झाले’, ‘निधी वळवला गेल्याचे समितीने उघडकीस आणले’. पहिल्यातून निधीविषयी काहीच निष्पन्न होत नाही. दुसऱ्यातून तो वळवला गेला हे निष्पन्न होते, पण ‘सिद्ध झाले नाही’ म्हणताच ती हमी संपते. म्हणजे ही शुद्ध निष्पत्ती, पूर्वगृहीत नव्हे. तिसऱ्यात मात्र ‘समितीने उघडकीस आणले नाही’ असे म्हटले तरी निधी वळवला गेलाच होता, केवळ समितीने तो प्रकार बाहेर काढला नाही, असा अर्थ राहतो. वरवर पाहता दुसरे आणि तिसरे वाक्य सारखेच ठाम वाटते. नकारात त्यांतला फरक उघडा पडतो. ‘स्पष्ट झाले’ आणि ‘निष्पन्न झाले’ ही दुसऱ्याच्या पंगतीतली, तर ‘कबुली दिली’, ‘लपवून ठेवले’ आणि ‘खेद व्यक्त केला’ ही बहुधा तिसऱ्याच्या. आरोपाच्या पातळीवर असलेली बातमी ‘कोणत्या अधिकाऱ्याने हा गैरव्यवहार लपवून ठेवला?’ अशा मथळ्याने छापली जाते, तेव्हा वाचकाचे कुतूहल अधिकाऱ्याच्या नावाकडे वळते आणि गैरव्यवहार झाला की नाही हा मूळ प्रश्न विचारलाच जात नाही. खोटा दावा करण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक आणि खोडून काढायला अधिक अवघड, म्हणून संपादकांनी अशा मथळ्यांकडे खोट्या विधानांइतकेच कठोरपणे पाहायला हवे.

‘माहीत असणे’ हे क्रियापद पॉल आणि कॅरोल किपार्स्की यांनी १९७० मध्ये वर्णन केलेल्या तथ्यदर्शक क्रियापदांच्या जवळचे, म्हणजे आपल्या पोटातील वाक्याची सत्यता गृहीत धरणारे आहे: ‘दुकान बंद झाल्याचे मीनाला माहीत नाही’ असे म्हटले की दुकान बंद झालेले असते. तरीही साक्षीदार ‘असे काही झाल्याचे मला माहीत नाही’ असे उत्तर देतो, तेव्हा तसे झाले हे त्याने कबूल केले असे कोणी मानत नाही. कर्ता प्रथमपुरुषी झाला की गृहीत सैल पडते, कारण जे माहीत नाही तेच खरे म्हणून धरून चालणे बोलणाऱ्याला शक्य नसते. कोणत्या क्रियापदाचे पूर्वगृहीत किती चिवट, हे म्हणूनच कोशात एकदा नोंदवून भागत नाही.

त्याहून खोल प्रश्न असा, की अर्थाचा एक भाग पूर्वगृहीत आणि दुसरा दावा अशी वाटणी होतेच का. ‘सोडणे’ या क्रियापदात पूर्वीची सवय गृहीत आणि आताचा अभाव हा दावा, असे का? याच्या उलट वाटणी असलेले, म्हणजे आताचा अभाव धरून चालून पूर्वीच्या सवयीचा दावा करणारे एकपदी क्रियापद सहजी सापडत नाही. संभाषणात त्या क्षणी जो प्रश्न चर्चेला असतो त्याच्याशी अर्थाचा जो भाग संबंधित नसतो तो नकारातून तरून जातो, असे उत्तर मँडी सिमन्स, जुडिथ टॉनहाउझर, डेव्हिड बीव्हर आणि क्रेग रॉबर्ट्स यांनी २०१० मध्ये सुचवले, आणि पुढे २०१३ मध्ये इंग्रजीच्या जोडीला पॅराग्वेतील ग्वारानी भाषेचा आधार घेऊन अशा अर्थांचे वर्गीकरण केले. इतर भाषांकडे वळण्याचे कारण होते. लिसा मॅथ्यूसन यांनी २००६ मध्ये दाखवले होते, की कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बोलल्या जाणाऱ्या स्टॅटिम्सेट्स या भाषेचे भाषक, समोरच्याने आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट धरून चालली तरी ‘थांबा जरा’ असे म्हणत नाहीत. इंग्रजी भाषक जिथे हरकत घेतील तिथे ते ऐकून घेतात. मग त्या भाषेत सामायिक जाणेची अटच वेगळी आहे, की हरकत घेण्याची रीत तेवढी वेगळी, हे केवळ नकाराच्या कसोटीने ठरत नाही. मराठीत ‘ही’, ‘च’, ‘सुद्धा’, ‘परत’, ‘अजून’ या प्रत्येक शब्दाबाबत, अनोळखी माणसाशी, वडीलधाऱ्याशी आणि बरोबरीच्या मित्राशी चाललेल्या खऱ्या संभाषणांत, ऐकणारा कधी अडवतो आणि कधी निमूटपणे सामावून घेतो, हे नोंदवण्याचे काम त्याच प्रश्नाच्या पोटात येते.